रहस्य, उत्कंठा आणि थरारपटाचे संकेत

१

मराठी चित्रपटसमीक्षेत 'रहस्यपट' ही संज्ञा फार सैलपणे वापरली जाते. खुनी कोण, हे अखेरपर्यंत झाकून ठेवणारा चित्रपट रहस्यपट होय. आणि खुनी आरंभीच दाखवून, तो सापडतो की निसटतो एवढ्याच प्रश्नावर प्रेक्षकाला खिळवून ठेवणारा चित्रपटही रहस्यपटच होय. अलीकडे 'थरारपट' हा शब्द रूढ झाला आहे. तथापि त्याने हा घोटाळा मिटलेला नाही. जुन्या सैल शब्दाच्या जोडीस दुसरा सैल शब्द आला, इतकेच.

शब्दांच्या व्युत्पत्तीकडे पाहिले तर घोटाळ्याचे कारण ध्यानात येते. 'रहस्' म्हणजे एकांत. जे एकांतात राखले ते रहस्य. हा शब्द झाकलेल्या वस्तूकडे बोट दाखवतो. 'थरार' हा 'थरथर' या अनुकरणवाचक शब्दाचा सोयरा असून तो प्रेक्षकाच्या शरीरावर होणारा परिणाम सांगतो. इंग्रजी 'थ्रिल'चा मूळ अर्थ भोसकणे, आरपार जाणे असा होता, तोही परिणामवाचकच. 'सस्पेन्स'ची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ टांगून ठेवणे असा आहे. मराठीत 'जीव टांगणीला लागणे' हा वाक्प्रचार हीच अवस्था नेमकी पकडतो. वस्तू, शरीर आणि कालावधीत ताणलेली मनःस्थिती अशा तीन भिन्न गोष्टींची ही नावे आहेत. समीक्षेने ती एकमेकांचे पर्याय म्हणून वापरली.

विषयानुसार केलेली रूढ वर्गवारी या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाही. हेरगिरीचे, न्यायालयीन, मानसशास्त्रीय, राजकीय असे थरारपटांचे कप्पे पाडले जातात. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) यांपैकी कोणत्या कप्प्यात घालावा? त्यात न्यायालय आहे, गुन्हा आहे, हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन स्त्रिया आहेत, आणि आपल्या डोळ्यांदेखत मेलेली पत्नी आरोपी म्हणून समोर उभी राहिल्याने ढासळू लागलेले वकिलाचे मनही आहे. राज खोसला यांनी 'मेरा साया' (१९६६) या नावाने त्याचे हिंदी रूप केले तेव्हा भाषा, नट, गाणी आणि परिसर हे सारे बदलले. परंतु एक गोष्ट बदलली नाही. नायकाला जेवढे ठाऊक आहे तेवढेच प्रेक्षकाला ठाऊक असते. ती स्त्री पत्नीखेरीज कोणास माहीत नसावे असे बोलते, तेव्हा नायकाइतकाच प्रेक्षकही कोड्यात पडतो. चित्रपटाचा प्रकार त्याच्या विषयात नसून ज्ञानाच्या या वाटणीत आहे. कोणाला, काय आणि केव्हा ठाऊक असते, या प्रश्नाच्या उत्तरावरून थरारपटाचे उपप्रकार अधिक नेमकेपणाने ओळखता येतात.

२

या प्रतिपादनाची कसोटी घेण्यास दोन चित्रपट विशेष सोयीचे आहेत. पिएर ब्वालो आणि तोमा नार्सझाक या फ्रेंच लेखकद्वयाच्या दोन कादंबऱ्यांवरून ते निर्माण झाले. १९५२ च्या कादंबरीवरून आंरी-जॉर्ज क्लूझो यांनी 'ले दियाबोलिक' (१९५५) केला. १९५४ च्या कादंबरीवरून आल्फ्रेड हिचकॉक यांनी 'व्हर्टिगो' (१९५८) केला. दोन्ही कथांत मृत समजली गेलेली व्यक्ती परत येते, आणि दोन्हींत तो भासवलेला मृत्यू म्हणजे एका भोळ्या जिवाविरुद्ध रचलेल्या कपटाचा भाग असतो. मूळ लेखक तेच, कपटाची जातही तीच. दिग्दर्शकांनी मात्र ज्ञानाची वाटणी अगदी उलट केली.

क्लूझो यांनी सर्व काही झाकले. शाळेच्या क्रूर चालकाला त्याची पत्नी आणि त्याची प्रेयसी मिळून न्हाणीच्या टबात बुडवतात. प्रेत शाळेच्या जलतरण-तलावात टाकतात. आणि तलाव उपसल्यावर तेथे प्रेत नसते. हृदयविकाराने दुर्बल झालेल्या पत्नीबरोबर प्रेक्षकही अंधारात चाचपडतो. मृत पती टबातून उठून उभा राहतो त्या क्षणी पत्नी प्राण सोडते आणि प्रेक्षकाला सारा कट एकदम उलगडतो. चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर विनंती येते, की हा शेवट आपल्या मित्रांना सांगून त्यांची गोडी घालवू नये. या विनंतीतच त्या उपप्रकाराचा स्वभाव दिसतो: त्याची सारी पुंजी एका गुपितात साठवलेली असते.

'व्हर्टिगो'च्या मूळ कादंबरीतही गुपित अखेरीसच फुटते. हिचकॉक यांनी ते जवळजवळ तिसरा भाग शिल्लक असतानाच फोडले. ज्यूडी पत्र लिहायला बसते, मनोऱ्यावर खरोखर काय घडले ते पडद्यावर दिसते, आणि मग ती पत्र फाडून टाकते. नायक स्कॉटी अजाण राहतो, प्रेक्षक जाणता होतो. यानंतर 'ही कोण?' हा प्रश्न संपतो आणि 'त्याला कळेल तेव्हा तो काय करील?' हा प्रश्न उभा राहतो. एवढ्यावरच हा बदल थांबत नाही. स्कॉटी तिला तोच करडा पोशाख नेसायला लावतो, केसांचा रंग आणि रचनाही बदलायला लावतो; गुपित झाकलेले असते तर हे प्रसंग एका झपाटलेल्या पुरुषाचे विक्षिप्त वर्तन एवढेच ठरले असते. प्रेक्षक जाणता असल्यामुळे आता ते एका स्त्रीची यातना होतात. स्वतःच्या रूपात प्रेम मिळावे म्हणून आसुसलेल्या ज्यूडीला पुन्हा त्याच खोट्या रूपात शिरावे लागते. ज्ञानाची जागा बदलताच सहानुभूतीचीही जागा बदलते. उत्कंठा हे केवळ तांत्रिक कौशल्य नव्हे, याचा इतका स्पष्ट दाखला क्वचितच सापडेल.

फ्रान्स्वा त्र्यूफो यांच्याशी १९६२ मध्ये झालेल्या संभाषणात हिचकॉक यांनी हा भेद टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने समजावला. बॉम्ब अवचित फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो; तो तेथे आहे हे आधी कळले तर पंधरा मिनिटांची उत्कंठा लाभते. या नियमाला एक मर्यादाही आहे, आणि ती त्यांच्याच 'सॅबोटाज'मध्ये (१९३६) दिसते. त्यात एक मुलगा नकळत बॉम्ब घेऊन लंडनमधून जातो; प्रेक्षकाला स्फोटाची वेळ ठाऊक असते; बस अडकत अडकत चालते; आणि अखेर स्फोट होऊन मुलगा मरतो. प्रेक्षक संतापले, आणि ही चूक झाल्याचे हिचकॉक यांनी पुढे मान्य केले. व्याकरणाचा नियम पुष्कळदा अशुद्ध प्रयोगानेच उघड होतो. जाणत्या प्रेक्षकाला इतका वेळ टांगून ठेवल्यावर त्याची सुटका केली पाहिजे, हा अलिखित संकेत येथे मोडला गेला. म्हणूनच तो दृष्टीस पडला.

३

थरारपट प्रेक्षकापासून काही लपवू शकतो; परंतु तो प्रेक्षकाशी खोटे बोलू शकतो काय? या प्रश्नाचा विचार करताना मराठी भाषेतील एक लहानसा शब्द साहाय्यक ठरतो. 'तो काल मुंबईला गेला' आणि 'तो काल मुंबईला गेला म्हणे' या दोन वाक्यांत घटना एकच आहे. मात्र 'म्हणे' जोडताच विधानाच्या सत्यतेची जबाबदारी बोलणाऱ्यावरून उतरते. माहिती ऐकीव आहे, असे तो शब्द बजावतो. चित्रपटातील दृश्याजवळ असा 'म्हणे' नाही. पडद्यावर जे दिसते ते घडले, असे प्रेक्षक गृहीत धरतो.

हिचकॉक यांच्या 'स्टेज फ्राइट'वरील (१९५०) आक्षेपाचे मूळ येथे आहे. त्याच्या आरंभी एक तरुण आपली हकीकत सांगतो आणि ती दृश्यरूपाने दिसते. ती खोटी असून खुनी तोच आहे, हे शेवटी कळते. प्रेक्षकांना ही फसवणूक वाटली. त्याच वर्षीच्या, अकिरा कुरोसावा यांच्या 'राशोमोन'मध्ये परस्परविरुद्ध साक्षी दृश्यरूपाने येतात. त्यांतील सगळ्या खऱ्या असणे शक्यच नसते. तरी तेथे कोणी फसवणुकीची तक्रार करत नाही. कारण उघड आहे. साक्षीदार कॅमेऱ्यासमोर बसून बोलतो, आणि वेशीखाली थांबलेली माणसे आरंभापासूनच या हकीकतींविषयी गोंधळ व्यक्त करतात. 'म्हणे' हा शब्द दृश्यात नसला तरी रचनेने तो पुरवला आहे.

असे संकेत कायमचे नसतात. वापराने भाषा बदलते तसे तेही बदलतात. सुजॉय घोष यांच्या 'कहानी'मध्ये (२०१२) हरवलेल्या पतीच्या म्हणून दाखवलेल्या आठवणींत ज्याचा चेहरा दिसतो तो पती नव्हेच, हे शेवटी उघड होते. रचनेच्या दृष्टीने हा 'स्टेज फ्राइट'चाच प्रयोग आहे; परंतु येथे तो प्रेक्षकांना रुचला. याची दोन कारणे संभवतात. मधल्या काळात 'द यूज्वल सस्पेक्ट्स' (१९९५) यांसारख्या चित्रपटांनी प्रेक्षकाला अविश्वसनीय निवेदनाची सवय लावली होती. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. 'स्टेज फ्राइट'मध्ये खोटे बोलणारा खुनी असतो आणि प्रेक्षकाने त्याच्यावर केलेली माया वाया जाते. 'कहानी'त खोटे बोलणारी स्वतः नायिका असते, आणि असत्य उघड होताच असहाय वाटलेली स्त्री कर्ती ठरते. पहिल्या चित्रपटात प्रेक्षक काही गमावतो, दुसऱ्यात काही मिळवतो.

फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या 'द कॉन्व्हर्सेशन'ने (१९७४) हाच प्रश्न ध्वनीच्या पातळीवर नेला. एका चोरून मुद्रित केलेल्या संभाषणातील एकच वाक्य नायक वारंवार ऐकतो, आणि बोलणाऱ्या जोडप्याच्या जिवाला धोका आहे असे समजतो. शेवटी तेच शब्द निराळ्या आघाताने ऐकू येतात आणि भयग्रस्त वाटलेले जोडपेच घातकी ठरते. इंग्रजीत हा भेद केवळ आघाताने होतो. मराठीत तो 'च' या अव्ययाच्या जागेने होईल: 'तो आपल्याला मारीलच' या वाक्यात भय आहे, 'तो आपल्यालाच मारील' या वाक्यात, मग त्याच्या आधी आपण का मारू नये, असा प्रश्न लपलेला आहे. चित्रपटाने दोन ठिकाणी खरोखरच वाक्याचे दोन भिन्न उच्चार वापरले आहेत. म्हणजे आधी ऐकू आले ते मुद्रण नव्हते, नायकाचे ऐकणे होते. ऐकणाऱ्याच्या मनाचा 'म्हणे' येथे ध्वनीतच दडवलेला आहे.

त्याच वर्षीचा, ॲलन पाकुला यांचा 'द पॅरॅलॅक्स व्ह्यू' वाटणीचा आणखी एक नमुना दाखवतो. तेथे ज्ञान नायकाजवळही नाही आणि प्रेक्षकाजवळही पूर्णपणे नाही. ते एका संस्थेच्या ताब्यात आहे आणि शेवटीही तेथेच राहते. वॉटरगेट प्रकरणाच्या काळातील अमेरिकी राजकीय थरारपटाची ओळख त्यातील राजकारणापेक्षा या न फुटणाऱ्या गुपिताने अधिक पटते.

४

हे नमुने एकाच चित्रपटात एकत्रही येतात. जीतू जोसेफ यांच्या मल्याळम् 'दृश्यम्'चे (२०१३) निशिकांत कामत यांनी केलेले, गोव्यात घडणारे हिंदी रूप (२०१५) या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मृत्यू कसा घडला हे प्रेक्षकाला ठाऊक असते, पोलिसांना नसते. म्हणून कुटुंबाच्या प्रत्येक जबाबाच्या वेळी प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. परंतु प्रेत कोठे आहे, हे शेवटच्या प्रसंगापर्यंत प्रेक्षकापासूनही झाकलेले असते. उत्कंठा आणि रहस्य अशा दोन धाग्यांची ही वीण आहे. तिच्यातील सर्वांत सूक्ष्म भाग म्हणजे परक्या साक्षीदारांचे जबाब. ते खोटे बोलत नाहीत. २ ऑक्टोबरविषयी त्यांना जे मनापासून आठवते तेच ते सांगतात. ती आठवणच नायकाने पेरलेली असते. पाहिलेल्या आणि पाहिले असे वाटणाऱ्या गोष्टीतील अंतर हाच या चित्रपटाचा विषय आहे, आणि त्याचे नावही त्यास साजेसे आहे.

यावरून परिभाषेची फेरमांडणी सुचते. 'थरारपट' ही संज्ञा संपूर्ण प्रकाराला द्यावी. ज्यात प्रेक्षकाचे ज्ञान पात्राइतके किंवा त्याहून कमी असते तो 'रहस्यपट'. ज्यात ते पात्राहून अधिक असते तो 'उत्कंठापट'. आणि ज्यात दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या गोष्टींच्याच सत्यतेविषयी शंका घेणे भाग पडते तो 'संभ्रमपट'. एखादा चित्रपट यांपैकी एकातच बसेल असे नाही. वर्गवारी चित्रपटाला लावण्यापेक्षा त्यातील प्रसंगांना लावणे पुष्कळदा अधिक योग्य ठरेल.

हा केवळ नावांचा वाद नव्हे. 'व्हर्टिगो'ला रहस्यपट म्हणून मोजणारा समीक्षक गुपित लवकर फुटले हा दोष मानील, आणि जेथून ज्यूडीचे दुःख सुरू होते तेथेच त्याचे पाहणे संपेल. चुकीची संज्ञा चुकीची अपेक्षा निर्माण करते, आणि चुकीच्या अपेक्षेमुळे समोरचे माणूस दिसेनासे होते.