मतदाराचा विचार आणि नागपूरची साक्ष

भारतीय मतदारास काही विचारप्रणाली असते काय, या प्रश्नाचे आपल्या सुशिक्षित घरांतून मिळणारे उत्तर ठरलेले आहे. तो जात पाहून, पैसे घेऊन, फार तर पुढाऱ्याच्या नावाला भुलून मत देतो, असे आपण म्हणतो. आणि असे म्हणताना ‘तो’ या सर्वनामात स्वतःस धरीत नाही. या समजुतीस साधार आव्हान देणारे पुस्तक म्हणून प्रदीप छिब्बर व राहुल वर्मा या राज्यशास्त्रज्ञांच्या ‘आयडिऑलॉजी अँड आयडेंटिटी’ (२०१८) या इंग्रजी ग्रंथाकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ग्रंथकर्त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा. युरोपातील डाव्या-उजव्याचे माप येथे लागू पडत नाही; पण तेवढ्यावरून येथे विचारच नाही, असे ठरत नाही. भारतीय राजकारण दोन प्रश्नांभोवती फिरते. पहिला शासनसत्तेचा : शासनाने समाजाच्या रूढींत व खाजगी मालमत्तेच्या वाटणीत कितपत हात घालावा? दुसरा मान्यतेचा : मागे ठेवल्या गेलेल्या समूहांची व अल्पसंख्याकांची शासनाने विशेष दखल घ्यावी काय? संविधानसभेतील चर्चा आणि दिल्लीच्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राच्या निवडणूक-पाहण्या यांच्या आधारे ग्रंथकर्ते दाखवितात की, या प्रश्नांवर मतदारांची मते असतात व पक्षांची विभागणीही त्यांस अनुसरून होते. पैसे वाटून मते विकत घेता येतात, ही समजूतही त्यांस मान्य नाही. २०२४ साली महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ योजनेतून दरमहा १५०० रुपये दिले गेले व त्यानंतरच्या विधानसभा निवडणुकीचा निकाल त्या रकमेचे मोल म्हणून अनेकांनी निकालात काढला. अशा उतावळ्या भाष्यकारांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा.

ग्रंथाचे हे श्रेय मान्य करून आम्ही त्याच्या सिद्धांतास नागपूरच्या इतिहासाची कसोटी लावू इच्छितो. प्रथमदर्शनी नागपूर ग्रंथकर्त्यांच्या बाजूने साक्ष देते. १९५९ च्या जानेवारीत येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला. चरणसिंग यांनी त्यास तेथेच विरोध केला, आणि त्याच वर्षी राजगोपालाचारी, रंगा व मसानी प्रभृतींनी स्वतंत्र पक्ष उभारला. शासनसत्तेच्या प्रश्नावर पक्षभेद कसा होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. त्यापूर्वी सव्वादोनच वर्षे, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, याच शहरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला. मान्यतेच्या प्रश्नाचे ते सर्वांत उदात्त रूप होय.

परंतु साक्षीदारास थोडे अधिक बोलू दिले म्हणजे अडचण उभी राहते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये बौद्ध झालेल्यांस अनुसूचित जातींत स्थान नव्हते. दीक्षाभूमीवर आलेल्यांनी मानासाठी केंद्राच्या सवलतींवर पाणी सोडले, असाच याचा अर्थ. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने आपल्या अधिकारातील सवलती नवबौद्धांस दिल्या; केंद्राकडून मात्र तो हक्क मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधल्या चौतीस वर्षांत त्यांनी ना धर्म सोडला, ना मागणी सोडली. १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यातही हेच लोक अग्रभागी होते. त्यांच्या लेखी सवलत ही भिक्षा नव्हती. झालेल्या अन्यायाची ती भरपाई होती, आणि धर्म बदलल्याने तो अन्याय नाहीसा झाला नव्हता. येथे मानाची मागणी कोठे संपते व भाकरीची कोठे सुरू होते, हे कोणी सांगावे?

हे दोन प्रश्न एका सूत्रात गोवण्याचे काम स्वतः आंबेडकरांनी १९४७ सालीच केले होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना १९४२ च्या जुलैत नागपुरासच झाली. त्या संस्थेतर्फे संविधानसभेसाठी त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन लिहिले. त्यात शेती, विमा व प्रमुख उद्योग शासनाच्या मालकीचे करावे, ही मागणी आहे. आणि अस्पृश्यांस स्वतंत्र मतदारसंघ द्यावे, हीही आहे. एकीवाचून दुसरी लंगडी, हाच त्यातील युक्तिवादाचा रोख. मोजमापासाठी दोन प्रश्न वेगळे करावेच लागतात, असे ग्रंथकर्ते म्हणतील, आणि ते योग्यही आहे. पण वेगळे विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे वेगळीच येणार. उत्तर देणाऱ्याच्या मनात त्यांची जी गाठ पडलेली आहे, ती आकड्यांच्या कोष्टकात उतरत नाही.

ही गाठ देणाऱ्याच्या बाजूनेही पडते, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून ध्यानी येईल. मार्टिन गिलेन्स या राज्यशास्त्रज्ञाने १९९९ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, तेथील लोक शिक्षणावर, वृद्धांवर, गरिबांस काम शिकविण्यावर अधिक खर्च करण्यास राजी असतात. ‘वेल्फेअर’ हा शब्द उच्चारताच मात्र बिथरतात. कारण त्या शब्दासरशी त्यांच्या डोळ्यांपुढे काळा मनुष्य येतो, आणि तो आळशी असतो अशी त्यांची भावना असते. १९८८ ते १९९२ या काळातील तीन प्रमुख वृत्तसाप्ताहिके त्याने तपासली. त्यांत छापलेल्या गरिबांच्या चित्रांत शेकडा ६२ कृष्णवर्णीय होते. देशातील प्रत्यक्ष गरिबांत त्यांचे प्रमाण शेकडा २९ होते.

आपल्याकडे ‘सवलत’ या शब्दाची गत याहून निराळी आहे काय? सरकारी महाविद्यालयातील अल्प शुल्क, गृहकर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात मिळत आलेली सूट, या गोष्टींस मध्यमवर्गीय घरांत कोणी सवलत म्हणत नाही. तो शब्द शेजारच्या वस्तीतील मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी राखून ठेवलेला असतो. मदत चांगली की वाईट हे ती कोणास मिळते यावरून ठरू लागले, म्हणजे शासनसत्तेविषयीचे आपले मत हे वस्तुतः मान्यतेविषयीचेच मत असते. छिब्बर-वर्मा यांनी २०१४ च्या निकालाचा अर्थ लावताना, या दोन्ही बाबतींत शासनाचा हात आखडता असावा असे म्हणणारे मतदार एका पक्षाकडे एकवटले, असे निदान केले आहे. ते एकवटले कसे, याचे उत्तर आमच्या मते या गाठीतच सापडण्याजोगे आहे.

भारतीय मतदार विचार करतो, हे या ग्रंथाने सप्रमाण दाखविले. याबद्दल ग्रंथकर्त्यांचे अभिनंदन करणे आमचे कर्तव्य आहे. पुढील काम नागपुरातील अभ्यासकांचे आहे. इंदोरा व महाल, दोन्ही वस्त्यांत जाऊन ‘सवलत’ व ‘हक्क’ हे शब्द कोण कोणाविषयी वापरतो, एवढेच त्यांनी काळजीपूर्वक नोंदविले, तरी या विषयाच्या ज्ञानात मोलाची भर पडेल. आणि ती नोंद करताना स्वतःच्या घराचा उंबरठा वगळू नये, इतकीच आमची सूचना आहे.