वाइक-स्मिथ आणि ‘उगमग्रंथ’ हे बिरुद

ई. ए. वाइक-स्मिथ (१८७१–१९३५) या इंग्रज लेखकाचे नाव आज आढळते ते मुख्यतः टोल्कीनविषयक ग्रंथांच्या तळटीपांत. व्यवसायाने हा खाण-अभियंता. त्याने मुलांसाठी लिहिलेली ‘द मार्व्हलस लँड ऑफ स्नर्ग्ज’ ही अद्भुतकथा १९२७ साली प्रसिद्ध झाली. तीतील स्नर्ग म्हणजे टेबलाहून किंचित उंच, रुंद खांद्यांचे, मेजवान्यांचे शौकीन लोक. दहा वर्षांनी टोल्कीनचा ‘द हॉबिट’ आला. आणि १९५५ साली कवी ऑडन याला लिहिलेल्या पत्रात, हे पुस्तक आपल्या हॉबिटांचा बहुधा अजाणता उगमग्रंथ ठरले असावे, असे टोल्कीनने मान्य केले. मात्र केवळ हॉबिटांचा, अन्य कशाचाही नव्हे, अशी पुस्तीही त्याने जोडली.

एखाद्या कृतीला ‘उगमग्रंथ’ म्हटले की तिच्यात साम्येच तेवढी शोधली जातात. येथे भेद अधिक बोलका आहे, आणि तो नामकरणातच दिसतो. ‘हॉबिट’ या शब्दाला टोल्कीनने पुढे ‘बीळ बांधणारा’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धर्तीच्या रूपाची व्युत्पत्ती पुरविली. शब्दामागे भाषा आणि भाषेमागे इतिहास उभा केला. ‘स्नर्ग’ला असे मूळ नाही. त्या आद्य व्यंजनसंयोगाने इंग्रजी कानाला शिंक, घोरणे, नाक अशांची आठवण व्हावी, एवढेच त्याचे भांडवल. स्नर्ग हे आठव्या हेन्रीच्या सुमारास इंग्लंडातून नाहीशा झालेल्या पिक्सींची शाखा असावेत, असे निवेदक सांगतो खरा. पण ते वंशशोधकांच्या गंभीर स्वराचे विडंबन होय. टोल्कीनने ज्यावर श्रद्धा ठेवली, त्यावर वाइक-स्मिथ हसतो.

त्याचे खरे सामर्थ्य या कोरड्या, अहवालवजा निवेदनात आहे. आईबापांना नकोशी झालेली मुले उचलून नेणारी एक संस्था कथेत आहे. तिचे नाव ‘अतिरिक्त मुले हलविणारी मंडळी’ अशा थाटाचे. इतका निर्दय विषय करुणेचा एकही उद्गार न काढता मांडला आहे, म्हणूनच तो बोचतो. गोलिथॉस हा सुधारलेला राक्षस तर याहून सरस. नरमांस सोडून शाकाहारी झालेला, त्यापायी खंगलेला आणि आपल्या सदाचाराविषयी अखंड बोलणारा! मुले हाताशी येताच त्याचे व्रत डळमळते. त्याच्या पश्चात्तापाच्या भाषेतच भूक ऐकू येते. हे पात्र टोल्कीनकडे शोधून सापडत नाही.

रचना मात्र सैल आहे, आणि उत्तरार्धातील राजेरजवाड्यांचा भाग लांबला आहे, हे नाकारता येत नाही. १९९६ साली अमेरिकेत या पुस्तकाचे पुनर्मुद्रण झाले. ती प्रत ज्याच्या हाती येईल, त्याने हॉबिट काही काळ बाजूस ठेवून गोलिथॉसचा भाग प्रथम वाचावा.