कॉफीगृहाचा सिद्धान्त आणि पनवेलचा रस्ता

कॉफीने इतिहास घडविला, हे विधान अभ्यासकांच्या लेखनात आता इतके रूढ झाले आहे की, त्याच्या प्रामाण्याची परीक्षा क्वचितच केली जाते. या विधानास तात्त्विक अधिष्ठान मिळवून दिले ते प्रामुख्याने युर्गेन हाबरमास यांच्या १९६२ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने. सतराव्या-अठराव्या शतकांतील लंडनच्या कॉफीगृहांत पदवी व कुल बाजूस ठेवून माणसे एकत्र बसली, वृत्तपत्रे वाचू लागली, राज्यकारभाराची चर्चा करू लागली आणि त्यातून लोकमत नावाची शक्ती जन्मास आली, असे या प्रतिपादनाचे सार आहे. हा सिद्धान्त महाराष्ट्रास जसाच्या तसा लावता येईल काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

सिद्धान्ताचे बळ प्रथम मान्य केले पाहिजे. १५११ साली मक्केत कॉफीवर बंदी आली, ती त्या पेयाच्या गुणदोषांइतकीच त्याभोवती जमणाऱ्या मंडळींच्या धास्तीनेही. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६७५ च्या डिसेंबरात कॉफीगृहे बंद करण्याचा जाहीरनामा काढला आणि अवघ्या काही दिवसांत तो त्यास मागे घ्यावा लागला. सत्ताधीशांना पेयाचे नव्हे, तर बैठकीचे भय वाटत होते, हे यावरून उघड होते. परंतु या बैठकीत स्त्रियांना बहुधा स्थान नव्हते. नॅन्सी फ्रेझर यांनी १९९० साली या सिद्धान्तावर घेतलेला मुख्य आक्षेप हाच की, सर्वांस खुल्या म्हणविल्या जाणाऱ्या क्षेत्राची उभारणीच काहींना वगळून झाली होती. महाराष्ट्राच्या संदर्भात हा आक्षेप अधिकच मूलगामी ठरतो.

या बाबतीत भाषेची साक्ष उद्बोधक आहे. कॉफीच्या बियांस जुन्या मराठीत ‘बुंद’ वा ‘बुंददाणे’ म्हणत. त्याचे मूळ अरबी ‘बुन्न’ या शब्दात आहे. ‘कहवा’ हाही शब्द पश्चिम समुद्राच्या व्यापाराबरोबरच परिचित झाला. म्हणजे कॉफी मराठी मुलखास अनोळखी नव्हती. तथापि, आज प्रचलित असलेला ‘कॉफी’ हा शब्द इंग्रजीतून आला आणि मराठीत तो बव्हंशी एकाकीच राहिला. जायफळ घातलेली कॉफी घराघरांत झाली, पण तिच्यापासून सामाजिक व्यवहाराचे शब्द सिद्ध झाले नाहीत. याउलट ‘चहा’ या शब्दाची संतती पाहावी : ‘चहापाणी’, ‘चहापान’, ‘चहापोहे’. यांपैकी पहिल्याचा अर्थ आतिथ्यापासून चिरीमिरीपर्यंत पसरला, तर तिसरा विवाह जुळविण्याच्या विधीचेच नाव होऊन बसला. सामाजिक संबंधांची भाषा चहाने घडविली. तेव्हा मराठी समाजाच्या इतिहासात कॉफीगृहाचे स्थान शोधणाऱ्याने प्रथम चहाच्या पेल्याकडे वळले पाहिजे.

तो पेला इतिहासात आला १८९० साली. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक इत्यादी मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध झाली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले; रानडे यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. येथे सभा होती, सुशिक्षित नागरिक होते, वृत्तपत्र होते. लंडनच्या कॉफीगृहाची सर्व सामग्री सिद्ध होती. पण वृत्तपत्राने जी चर्चा पेटविली, तिचा विषय राज्यकारभार नसून ‘कोणी कोणाच्या हातचे प्यावे’ हा होता. तेच साधन, परंतु फलित निराळे. सिद्धान्त अपुरा पडतो तो नेमका येथे.

तरीही १८९० चा वाद पंक्तीच्या आतल्यांचाच होता. पंक्तीबाहेरच्यांचा प्रश्न समजण्यास पुण्याहून खाली उतरून पनवेलास यावे लागते. खाडीकाठचे हे जुने बंदर. येथूनच एक रस्ता बोरघाटाकडे वळतो आणि दुसरा पेणवरून महाडास जातो. त्याच महाडास २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्यावरील खटल्याचा अखेरचा निकाल १९३७ साली उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने दिला. या खटल्याच्या निमित्ताने जाता-येता पनवेलच्या एका हॉटेलात बाबासाहेबांना पाणी नाकारले गेले आणि पुढे सोनबा येलवे नावाचा गृहस्थ पाण्याचा माठ घेऊन त्यांची वाट पाहत राहिला, अशी कथा लोकस्मृतीत आहे. तिला दप्तरातील पुराव्याचे मोल देणे शास्त्रशुद्ध होणार नाही. परंतु हॉटेल हे सार्वजनिक स्थान कोणास कसे भासत होते, याची ती निःसंशय साक्ष आहे. जेथे पेलाच मिळत नाही, तेथे संभाषणास आरंभ कोठून व्हावा?

१९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे इंडिया कॉफी हाउस उघडले, इराण्यांच्या हॉटेलांतही नाना जातींची माणसे शेजारी बसू लागली, हे खरे. तथापि, हे खुलेपण पेयाच्या अंगच्या गुणाने आले असे मानणे चूक ठरेल. त्यामागे शहरी गर्दी व रोखीचा व्यवहार यांच्याबरोबरच महाडसारख्या लढ्यांचे बळ होते. आणि संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने व उपाहारगृहे यांतील प्रवेशाचा हक्क १९५० साली स्पष्ट शब्दांत नोंदविला. लंडनमध्ये बैठक आधी व हक्काची मागणी नंतर, असा क्रम सांगितला जातो. महाराष्ट्रात बैठकीत शिरण्याचा हक्कच प्रथम मिळवावा लागला.

म्हणून कॉफीगृहाचा सिद्धान्त त्याज्य नव्हे, पण त्याच्या आरंभी आणखी एक प्रश्न जोडावयास हवा : पेला कोणाच्या हाती दिला गेला? पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे राज्यातील जुन्या नगरपालिकांपैकी एक. अशा गावांतील उपाहारगृहांचे परवाने, पाणवठ्यांचे नियम आणि वृद्धांच्या तोंडच्या आठवणी यांचा एकत्रित अभ्यास झाल्यास या प्रश्नाचे उत्तर लंडनच्या साच्यावर विसंबून न राहता देता येईल.