अमरची झंबील आणि आमचे कपाट

आमच्या घरी पुस्तकांचे एकच कपाट होते. सर्वांत वर जुजदानात गुंडाळलेला कुरआन शरीफ, त्याखालच्या फळीवर उर्दू पुस्तके आणि त्याखाली मराठी. रत्नागिरीचा पाऊस आणि समुद्रावरची दमट हवा यांमुळे बुरशी मात्र दोन्ही फळ्यांना सारखीच यायची. वाळवीलाही लिपीतला फरक कळत नाही. उर्दू फळीवरच्या हातिमताईच्या किश्श्याची शेवटची पंधरा-वीस पाने तिने खाल्ली होती, त्यामुळे हातिमच्या सात सवालांपैकी सहाच आमच्या वाट्याला आले. सातवा सवाल हम्माम बादगर्दची खबर आणण्याचा. तो नानीने आपल्या मनाने पुरा केला. तिच्या हातिमला हा हम्माम रत्नदुर्गाच्या पायथ्याशी, समुद्राकडे तोंड असलेल्या भुयारात सापडला. आत दगड होऊन पडलेली माणसे होती, ती सगळी मिरकरवाड्याची नि राजिवड्याची, तुफानात गेलेली आणि परत न आलेली. हातिमने पोपटाला तिसरा बाण मारला तशी ती उठली आणि आपापल्या होडीत जाऊन बसली. पुढे कित्येक वर्षांनी आम्ही तो किस्सा शेवटपर्यंत वाचला. पोपट, बाण आणि दगड झालेली माणसे मुळातलीच निघाली. माणसांची गावे तेवढी नानीची होती.

हे सांगायचे कारण असे की, अद्भुत कादंबऱ्यांविषयी लिहायला बसलो की आमची गाडी या हरवलेल्या पानांवरच येऊन थांबते. आम्ही काही समीक्षक नव्हे. १८२८ साली स्थापन झालेल्या येथल्या नगर वाचनालयाच्या आधाराने वाढलेले एक वाचक आहोत, आणि जे वाचले त्याचे मनावर काय उमटले तेवढेच सांगू शकतो. त्यात क्रम नाही, आणि सगळीच पुस्तके सारख्या प्रेमाने वाचली असेही नाही.

कॉलेजात आमच्या एका प्राध्यापकांनी सांगितले होते की अद्भुत हे वाङ्मयाचे बालपण असते, शहाण्या वाचकाने वास्तवाकडे वळावे. आम्ही निमूटपणे वळलो. पुढे भालचंद्र नेमाडे यांची मांडणी वाचली. मराठी कादंबरीच्या आरंभीच्या तीन कादंबऱ्यांवरून त्यांनी तीन प्रवृत्ती सांगितल्या आहेत. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ची (१८५७) वास्तवाची वाट, लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ची (१८६१) अद्भुताची, आणि रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ची (१८७१) इतिहासाची. नेमाड्यांचा कौल पहिल्या वाटेला आहे हे सांगायला नकोच. मांडणी मोठी सोयीची आहे, पण ती वाचताना आमच्या मनात भलताच प्रश्न आला. या तीन घरांपैकी कोणत्या घरात आम्हांला बसायला पाट मिळाला?

पहिल्या घरात, म्हणजे विधवांच्या दुःखापासून मध्यमवर्गाच्या संसारापर्यंत आलेल्या वास्तववादी कादंबरीत, आम्ही फार करून नव्हतोच. असलो तर टांगेवाले, अत्तरवाले किंवा बेकरीवाले म्हणून, एका परिच्छेदापुरते. तिसऱ्या घरात आम्ही भरपूर होतो, पण तलवार घेऊन पलीकडच्या बाजूला. शाळेच्या वयात ‘उषःकाल’ आणि पुढे ‘श्रीमान योगी’ आम्ही रात्र रात्र जागून वाचली. मावळ्यांच्या बाजूनेच वाचली, कारण वाचणारा नायकाच्या बाजूनेच वाचतो. सकाळी शाळेत गेल्यावर वर्गातली मुले आम्हांला कोणत्या बाजूला उभे करतात ते मात्र वेगळे असायचे. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा दौलतखान आमच्याच कोकणच्या पाण्यावर वावरलेला. त्याला नायक करणारी जाडजूड कादंबरी आमच्या हाती कधी आली नाही.

राहिले मधले घर. तिथे मात्र आम्ही घरच्यासारखे वावरलो, आणि खरे सांगायचे तर हळब्यांमुळे नव्हे. ‘मुक्तामाला’ आम्ही कर्तव्य म्हणून वाचली आणि कर्तव्य म्हणूनच संपवली. नाथमाधवांचे ‘वीरधवल’ त्यामानाने पळते. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड तर खालच्या फळीवर जागाच पुरू देत नसत. वरच्या फळीवर त्यांचे भाईबंद होते इब्ने सफींचे. १९५२ साली अलाहाबादेतून ‘जासूसी दुनिया’ सुरू करणारे हे गृहस्थ आमच्या मामूंचे दैवत. अर्नाळकर आणि इब्ने सफी यांच्यात श्रेष्ठ कोण यावर मामू आणि आमचे शेजारी जोशीकाका यांची जी भांडणे होत, तेवढी निर्मळ हिंदू-मुसलमान भांडणे आम्ही पुन्हा पाहिली नाहीत.

नारायण धारप आम्हांला उशिरा भेटले. ‘लुचाई’वर स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’ची छाया आहे हे आज सगळ्यांना ठाऊक आहे आणि तसे म्हणून अनेक जण नाक मुरडतात. आम्ही मुरडणार नाही. परका पिशाच्च आपल्या गावात आणून वसवायचा तर गाव नीट माहीत असावे लागते, आणि धारपांना ओसाड वाड्यांची, बंद खोल्यांची नस सापडली होती. २०१८ साली आलेल्या ‘तुंबाड’ चित्रपटाचे बीज त्यांच्याच एका कथेत होते. नाव मात्र घेतले श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. म्हणजे खेड तालुक्यातल्या, जगबुडीकाठच्या एका गावाने वास्तववादी कादंबरीला आपले नाव दिले आणि भुताच्या चित्रपटालाही. या दोन घरांमधली भिंत किती पातळ आहे ते यावरून पाहावे.

जयंत नारळीकरांच्या ‘प्रेषित’ची गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. वाचनालयाच्या यादीत नाव वाचून आम्ही ती हजरत पैगंबरांचे चरित्र समजून घरी आणली. अब्बांनी आदराने वरच्या फळीवर ठेवली. चार दिवसांनी त्यांनी उघडली तेव्हा आत अंतराळातून आलेला मुलगा निघाला. अब्बा हसले, पुस्तक पुरे वाचले आणि खालच्या फळीवर ठेवले.

आता अरबी गोष्टींकडे येतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच त्या मराठीत आणायला घेतल्या. त्यांच्या भाषांतराला एक शास्त्रीबुवांचा भारदस्तपणा आहे. त्यातल्या बगदादच्या व्यापाऱ्याला शेंडी नसली तरी बोलणे शेंडीचे आहे. आम्हांला ते मुळीच खटकत नाही, उलट फार आवडते. बगदाद मराठीत आले ते सदाशिव पेठेतून आले, पण आले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजीवरून सगळ्या ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड मराठीत केले. बर्टनचा आडपडदा नसलेला मोकळेपणा त्यांनी लपवला नाही, त्यामुळे ते खंड आमच्या कपाटात कधी आले नाहीत. वाचनालयात उभ्या उभ्या वाचावे लागले. दापोलीजवळच्या मुरुडच्या महर्षी कर्व्यांची ही नात. शहरजादला मराठी बोलायला लावण्याचे एवढे मोठे काम एकट्या बाईने अंगावर घेतले, आणि आमच्यापैकी कुणी त्यावर चार ओळी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. अरबी गोष्टी आमच्या म्हणून मिरवायच्या आणि त्यांचे मराठी करणारीला विसरायचे, हे काही बरे नव्हे.

पण आमचा खरा जीव अडकला आहे तो ‘तिलिस्म-ए-होशरुबा’त. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून अमीर हमजाच्या दास्तानीचे एकूण ४६ खंड काढले. छापखाना हिंदूचा, गोष्ट हमजाची, आणि लिहिणाऱ्यांत मुहम्मद हुसेन जाह व अहमद हुसेन कमर. त्यातला होशरुबाचा भाग आम्ही पुरता वाचलेला नाही, आणि वाचला म्हणणाऱ्यांवर आमचा फारसा विश्वास नाही. जेवढा वाचला तेवढ्याने आमचे डोळे उघडले. तिलिस्म म्हणजे नुसती जादू नव्हे. ते एक रचलेले जग असते, आणि रचणाराच ते कुणाच्या हातून नि कसे मोडेल ते ठरवून ठेवतो. राजा अफरासियाब कितीही बलाढ्य असो, त्याच्या साम्राज्याची किल्ली कुठेतरी ठेवलेलीच आहे. कॉलेजात ज्याला बालपण म्हणाले त्यात राज्यसत्तेविषयी एवढी प्रौढ जाण आहे! वास्तववादी कादंबऱ्यांत आम्हांला समाजाचे तुरुंग फार बारकाईने दाखवलेले दिसले, पण किल्लीचा उल्लेखही नव्हता.

आणि त्यातला तो अमर अय्यार! शूर नाही, देखणा नाही, पक्का चिक्कू. त्याच्या झंबिलीत, म्हणजे झोळीत, सगळे जग मावते. अंगावर गिलीम ओढली की तो दिसेनासा होतो. आमची भाची हॅरी पॉटर इंग्रजीतून वाचायची. सातव्या भागात हर्मायनीची मण्यांची पिशवी आली, जिच्यात तंबूपासून ग्रंथांपर्यंत सगळे मावते, तेव्हा ती धावत सांगायला आली. आम्ही म्हटले, ही तर अमरची झंबील, आणि तुझ्या हॅरीचा अंगरखा म्हणजे गिलीम. तिचा विश्वास बसला नाही. रोलिंगबाईंनी उसने घेतले असे आमचे मुळीच म्हणणे नाही. गरीब, एकट्या माणसाला जगाशी झगडायचे तर अशी एखादी पिशवी हवीशी वाटते, लंडनमध्ये काय आणि लखनौत काय. बाळ ऊर्ध्वरेषे यांनी पहिल्या भागाचे मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असे केले. एका ‘परीस’ शब्दाने परके पुस्तक आपल्या ओटीवर येऊन बसले.

हा आनंद नासवणारे एक हाड घशात अडकलेले आहे, तेही सांगून टाकतो. टॉल्किन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४-५५) दुष्ट राजाच्या बाजूने लढायला दक्षिणेकडून सावळी माणसे हत्ती घेऊन येतात. सी. एस. लुइस यांच्या नार्नियाच्या गोष्टींत पागोटी बांधलेले, वाकड्या तलवारींचे कॅलोर्मेनी लोक आहेत, त्यांचा देव क्रूर आहे आणि बोलणे नवाबी थाटाचे. म्हणजे पलीकडची बाजू घेऊन उभे राहायचे काम इथेही आमच्याकडेच. मधल्या घराच्या मागच्या दाराने मोचनगड आत आला होता. फरक इतकाच की टॉल्किनचा सॅम त्या मेलेल्या परक्या शिपायाकडे पाहून क्षणभर थांबतो. याचे नाव काय असेल, हा घरून राजीखुशीने निघाला असेल का, असे त्याच्या मनात येते. हजार-बाराशे पानांत हा एक क्षण आहे, पण तो आहे. लुइसने शेवटच्या भागात एका सच्च्या कॅलोर्मेनीला स्वर्गात जागा दिली. आमचे मन मात्र त्या मेहेरबानीने निवले नाही.

पण मग आम्ही पुन्हा होशरुबा उघडला आणि मान खाली घालावी लागली. हमजाच्या छावणीत हरलेल्याने कलमा पढला तर तो भाऊ, नाही पढला तर तलवार. शेकडो पाने हाच हिशेब चालतो. मेलेल्या जादूगाराच्या नावाविषयी सॅमसारखे कुतूहल दाखवणारा कुणी आम्हांला भेटला नाही. लहानपणी हे दिसले नव्हते, कारण तेव्हा आम्ही हमजाच्या बाजूने वाचत होतो. वर्गातली मुले ‘उषःकाल’ वाचत तशीच. दास्तानगो मंडळी याला खेळ समजत असतील, ऐकणारेही समजत असतील. तरीही दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांत आपले चित्र कसे आले याचा हिशेब मागताना आपल्या वरच्या फळीची वही लपवता येणार नाही.

या अंकाचे वाचक विचारतील, मग आपल्या मराठी लेखनाचे काय? हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. त्यांची ‘इंधन’ (१९६५) ही आमच्या मते कोकणी मुसलमानाने लिहिलेली आजवरची सर्वांत खरी कादंबरी. दलवाईंच्या सामाजिक मतांवरून आपल्यात पुष्कळ वाद झाले, अजून होतात. पण बऱ्याच वर्षांनी मुंबईहून गावी आलेल्या त्या माणसाचे एकटेपण आणि हळूहळू पेटत जाणारे ते गाव विसरता येत नाही. पहिल्या घरात आपल्याला पाट मिळाला तो दलवाईंनी स्वतः नेऊन मांडला म्हणून. त्यानंतर आपण सगळे त्याच पाटावर दाटीवाटीने बसलो आहोत. तलाक, दंगल, बेकारी, आखातात गेलेला बाप, वाट पाहणारी आई. हे सगळे खरे आहे, आणि लिहिलेच पाहिजे. पण विशेषांकामागून विशेषांक चाळताना वाटते की आपण कथा लिहीत नसून जबानी देत आहोत. समोर कुणीतरी कागद-पेन घेऊन बसले आहे आणि आपण निर्दोष असल्याचे त्याला पटवायचे आहे. साक्षीदाराला जिन्न पाहिल्याचे सांगता येत नाही. त्याची साक्षच बाद होते. उर्दूत इंतिजार हुसेन यांनी फाळणीचे दुःख लिहिताना जातककथा, दास्तानी सगळे हाताशी घेतले. नैयर मसूद यांच्या कथांत लखनौचे जुने घर तिलिस्मासारखे उघडत जाते. म्हणून त्यांचे लेखन पळपुटे ठरले नाही. मग मराठी लिहिताना आपणच झंबील दाराबाहेर का ठेवतो?

गेल्या पावसाळ्यात आमच्या भाचीने चार पाने आणून दाखवली. आता ती नोकरी करते, आणि लिहिते मराठीतच. गोष्ट मिरकरवाड्यातल्या एका जिन्नाची आहे. तो तीनशे वर्षे तिथेच राहतो, पण त्याला रेशनकार्ड मिळत नाही, कारण जन्माचा दाखला नाही. शेवटी तो ऑफिसच्या रांगेत उभा राहतो आणि त्याच्या पुढे उभी असते, नव्वद सालच्या तुफानातून परतलेली एक होडीभर माणसे. त्यांच्याकडेही कागद नाहीत. आम्ही वाचले. नानीची गोष्ट तिला कुणी सांगितली ते विचारले, तर म्हणाली, आईने. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तेवढ्या दुरुस्त केल्या आणि पाने परत दिली. पाचवे पान अजून आलेले नाही.