कंसातलं उत्तर

गाण्याचं नाव ‘डू आय लव्ह यू’. तबकडीवर मात्र ते तिथं संपत नाही. पुढे कंसात आणखी तीन शब्द छापलेले आहेत : ‘इनडीड आय डू’. माझं प्रेम आहे का तुझ्यावर? हो तर, आहेच. आपण कंसात सहसा दुय्यम मजकूर घालतो, वाचणाऱ्यानं वगळला तरी चालेल असा. इथं उलट आहे. प्रश्न बाहेर आणि गाण्याचा सगळा जीव कंसात. फ्रँक विल्सन या गायकाची ही 1965ची तबकडी मी कितीदा ऐकली असेल, मोजदाद नाही. पण दर वेळी सुई टेकवण्याआधी मी हे नाव वाचतो, कंसासकट. गाण्याची बांधणी आणि त्याच्या वाट्याला आलेलं नशीब, दोन्ही त्या विरामचिन्हात दिसतात.

आधी गाणं. कानाला पहिल्यांदा भिडतो तो ठेका. आपल्या केरव्यात एखादी मात्रा जड पडते, एखादी हलकी निसटते, आणि त्या फरकावर डोलता येतं. इथं डोलायला सवड नाही. चारही मात्रांवर सारखाच भक्कम ठोका, लाकडी जिन्यावरून कुणी धावत वर यावं तसा. त्याच्यावर कुठंतरी धातूचा किणकिणाट, खाली बेसची अखंड पळापळ. आणि मग विल्सनचा आवाज येतो. तो कमावलेला आवाज नाही. मार्विन गेचा रेशमीपणा त्यात नाही, की लिव्हाय स्टब्जची गर्जना नाही. वरच्या पट्टीत पोचताना थोडा ताणला जाणारा, आपलं म्हणणं सांगून झाल्याशिवाय श्वास घ्यायचा नाही असं ठरवलेला आवाज आहे. मला तो म्हणूनच खरा वाटतो. सफाईदार गायकानं हेच गाणं गायलं असतं तर ते खुशामत वाटलं असतं.

शब्दांत फारसं कवित्व नाही. आयुष्यभर साथ देण्याची वचनं आहेत, देवापुढे मागितलेलं मागणं आहे, झालं. गंमत आहे ती मुखड्यात. तिथं विल्सन प्रश्नांची रांग लावतो, एकामागून एक, आणि ते सगळे स्वतःलाच विचारतो. समोरच्या बाईनं काही विचारलेलं नाही. तिच्या मनात असतील ते प्रश्न तोच तिच्या वतीनं मोठ्यानं विचारतो, आणि प्रत्येक प्रश्नागणिक ताण एकेक आट्यानं वाढवत नेतो. मग कंसातलं उत्तर येतं. ती गाण्याची सम आहे. उत्तर ठाऊक असूनही त्याची वाट पाहायला लागते, तसंच समेचंही असतं. मागे उभा असलेला बायकांचा कोरस त्याला एकटं सोडत नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये एकानं हाक द्यायची आणि सगळ्या मंडळीनं तिला ओ द्यायची, ही रीत जुनी. आपल्याकडे कीर्तनकारानं चरण सोडला की मागचे टाळकरी धृपद उचलून धरतात, त्याच जातीची. गाणं अडीच मिनिटांच्या आसपास संपतं. पण ते असं बांधलेलं आहे की ऐकणाऱ्याच्या तोंडून उत्तर निघाल्याशिवाय राहू नये. त्याला श्रोता नुसता चालत नाही, ओ देणारा लागतो.

आणि नेमका तोच त्याला दहाहून अधिक वर्षं मिळाला नाही.

विल्सन मोटाऊन या तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा माणूस. मोटाऊन डेट्रॉइटची, पण तिचं एक कार्यालय लॉस एंजेलिसला होतं आणि हॅल डेव्हिस व मार्क गॉर्डन ते सांभाळत. विल्सन तिथं गाणी लिहायचा. 1965च्या अखेरीस हे गाणं कंपनीच्या ‘सोल’ या उपलेबलवर 35019 या क्रमांकानं यायचं ठरलं. रेडिओवाल्यांना पाठवायच्या नमुना प्रती निघाल्या, सुमारे अडीचशे असं सांगतात. मग मोटाऊनचा संस्थापक बेरी गॉर्डी यानं विल्सनला विचारलं, तुला गायक व्हायचंय की निर्माता? विल्सननं निर्माता होणं निवडलं. तबकडी बाजारात गेली नाही आणि नमुना प्रतींपैकी बहुतेक नष्ट झाल्या. निवड चुकली असं म्हणता येणार नाही. सुप्रीम्सच्या 1968च्या ‘लव्ह चाइल्ड’मागच्या चमूत तो होता, 1970चं ‘स्टोन्ड लव्ह’ त्याचं, आणि एडी केंड्रिक्सचं 1973चं पहिल्या क्रमांकावर गेलेलं ‘कीप ऑन ट्रकिन’सुद्धा त्याचंच. पुढे त्यानं हे जगच सोडलं आणि धर्मोपदेशक झाला. गाण्यातल्या त्या मागण्याकडे मी हे कळल्यापासून वेगळ्या नजरेनं पाहतो.

तिकडे अटलांटिकपलीकडे, उत्तर आणि मध्य इंग्लंडच्या कारखानदारी गावांत, एक वेगळीच भूक तयार होत होती. मँचेस्टर, विगन, स्टोक, वुल्व्हरहॅम्प्टन इथली कामगारांची पोरं 1960च्या दशकात डेट्रॉइटच्या या चार ठोक्यांवर नाचायला शिकली. 1970पर्यंत अमेरिकेतलं काळं संगीत बदललं, चाल मंदावली, फंक आलं. या पोरांना मात्र जुनीच चाल हवी होती. आता ती नव्यानं कोण बनवणार? तेव्हा एकच वाट उरली : ज्या वेळी ती चाल बनत होती, त्या वेळी बनून पडलेल्या, कुणी न ऐकलेल्या तबकड्या शोधणं. अमेरिकेत न खपलेला माल गोदामांत पडलेला होता. लोक तिकडे जाऊन खोकीच्या खोकी उपसू लागले. लंडनमध्ये ‘सोल सिटी’ हे दुकान चालवणाऱ्या डेव्ह गॉडिननं पाहिलं की उत्तरेकडून येणारी गिऱ्हाइकं नव्या गाण्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांचं मागणं वेगळंच असतं. त्या आवडीला त्यानं नाव दिलं ‘नॉर्दर्न सोल’, आणि 1970मध्ये ते छापून आलं.

एखाद्या संगीताचं नाव ते बनलं त्या जागेवरून न पडता ते ज्यांनी ऐकलं त्यांच्या दिशेवरून पडावं, याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही. हे रसिकांनी घडवलेलं संगीत आहे. गाणारे आपापल्या गावी बस चालवत होते, शाळेत शिकवत होते. आपण गायलेलं गाणं हजारो मैलांवर कुणाला तोंडपाठ आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता.

विगन कसिनो या नाचघरात 23 सप्टेंबर 1973पासून रात्रभराचे कार्यक्रम सुरू झाले. मध्यरात्र उलटल्यावर सुरुवात, सकाळी आठला शेवट. दारू नाही. घसरून पावलं टाकता यावीत म्हणून जमिनीवर टाल्कम पावडर, आणि शेवटची तीन गाणी ठरलेली. अशा जागी तबकडी लावणाऱ्याची इभ्रत एकाच गोष्टीवर ठरे : दुसऱ्याकडे नाही ते याच्याकडे आहे का? म्हणून ते लेबलवर कागद चिकटवत आणि गाण्याला खोटं नाव, गायकाला खोटं नाव देत. याला ‘कव्हर-अप’ म्हणत. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटाऊनच्या स्वतःच्या संग्रहातून विल्सनची प्रत बाहेर आली आणि इंग्लंडला पोचली, तेव्हा विगनला तबकड्या लावणाऱ्या रस विन्स्टनलीनं ती वाजवली ती विल्सनच्या नावानं नव्हे. गायक म्हणून सांगितला गेला एडी फॉस्टर. हा एडी फॉस्टर खराखुरा दुसरा गायक होता, या मंडळींच्या ओळखीचा. विचार करा : माणूस गातोय जीव तोडून, समोर शेकडो पोरं ओ देतायत, आणि ती दाद जमा होतेय भलत्याच्या खात्यात.

मला इथं हटकून गौहरजान आठवते. आपल्याकडे 1902मध्ये ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा गाणं संपताच गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारत. मुद्रण इथं व्हायचं, पण तबकड्या निघायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला लेबल छापताना कुणाचं गाणं ते कळावं, म्हणून ही सोय. शंभरावर वर्षं झाली, तो पुकारा अजून कानाला लागतो. आपल्या जुन्या तबकड्यांवर नाव खाचेतच कोरलेलं आहे, पुसू म्हटलं तरी पुसता येत नाही. विल्सनच्या खाचेत ते नव्हतं, फक्त कागदावर होतं. वर दुसरा कागद आला की संपलं.

पण लपवणाऱ्यांपेक्षा शोधणारे चिवट निघाले. या मंडळींनी लेबल वाचण्याचं एक शास्त्रच उभं केलं. मी कामानिमित्त मँचेस्टरला राहत होतो तेव्हा ते प्रत्यक्ष पाहिलं. जुन्या तबकड्यांच्या एका दुकानात साठीचा एक गृहस्थ गल्ल्यावर बसे. मी सत्तावीस नंबरची बस चुकली म्हणून आत शिरलो आणि त्यानं मला दोन तास बसवून घेतलं. एक पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी दिव्याखाली तिरपी धरली आणि म्हणाला, “गाणं संपल्यानंतरचं बघा.” शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतचा तो गुळगुळीत काळा पट्टा. त्यात सुईच्या टोकानं ओरखडल्यासारखी अक्षरं होती, आणि एक छोटा त्रिकोण, पुढे आकडा. त्रिकोण म्हणजे लॉस एंजेलिसचा मोनार्क कारखाना. आकड्यावरून ती केव्हाची ते ताडता येतं. न्यूयॉर्कला ‘बेल साउंड’मध्ये कोरलेली असेल तर ते दोन शब्द ठशानं उमटलेले असतात. ठसा असायला हवा तिथं ओरखडा दिसला, तर समजायचं नक्कल आहे. मग लेबल : गीतकार कोण, वाद्यमेळ कुणी बांधला, प्रकाशक कोण. ‘जोबेटे’ लिहिलं असेल तर घर मोटाऊनचं. गॉर्डीनं आपल्या तीन मुलांच्या नावांच्या आद्याक्षरांतून ते नाव बनवलं होतं. गायकाचं नाव खोटं असू शकतं, पण एवढे सगळे साक्षीदार एकदम खोटं बोलत नाहीत.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?” मी विचारलं.

“बसमध्ये,” तो म्हणाला. शनिवारी रात्री विगनला जाणाऱ्या बसमध्ये पोरं वह्या घेऊन बसत. कुणाला एखाद्या क्रमांकाचा पत्ता लागला की तो सगळ्यांच्या वहीत उतरायचा. त्यानं स्वतःची वही काढून दाखवली. निळ्या बॉलपेननं आखलेले रकाने : नाव, गायक, लेबल, क्रमांक, कुठं ऐकलं. काही ठिकाणी गायकाच्या रकान्यात नुसतं प्रश्नचिन्ह. ती वही चाळताना मला आमच्या मुंबईतले जुन्या तबकड्यांचे संग्राहक आठवले. तबकडीत कोरलेल्या मॅट्रिक्स क्रमांकावरून नाट्यपदाचं साल सांगणारी, आणि ते सांगताना चेहरा उजळून निघणारी माणसं. अशा माणसाला माहिती स्वतःपाशी ठेवता येत नाही. गाणं आवडलं, मग गाणाऱ्याचं नाव कळलं, आता ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय आवडणं पुरं होत नाही. याला नुसता छंद म्हणणं मला कमी वाटतं. रसग्रहणाचाच हा एक भाग आहे, आणि पुष्कळदा तो पहिला भाग असतो.

विल्सनचं नाव अखेर उघड झालं. मागणी एवढी वाढली की 1979मध्ये मोटाऊननं इंग्लंडमध्ये ही तबकडी रीतसर काढली, गायकाच्या खऱ्या नावानं. मूळ नमुन्याच्या दोनच प्रती शिल्लक आहेत असं बराच काळ मानलं गेलं. त्यांतली एक 2009मध्ये 25,742 पौंडांना गेली, आणि 2020मध्ये एका प्रतीचे एक लाख पौंड आले. वर्तमानपत्रांत या गाण्याची बातमी येते ती या आकड्यांपुरती. मला त्यांचं अप्रूप नाही. एक लाखाच्या प्रतीवर आणि माझ्याकडच्या साध्या पुनर्मुद्रणावर विल्सन तेच प्रश्न विचारतो आणि तेवढ्याच जिवाच्या आकांतानं उत्तर देतो.

27 सप्टेंबर 2012 रोजी विल्सन गेला. त्या वेळी बाजारातही न आलेलं हे त्याचं गाणं, आणि त्याचं नाव घेतलं की आज पहिलं आठवतं तेही हेच.

त्या दुकानातून निघताना मी एडी फॉस्टरच्या नावाची एक चोरटी प्रत विकत घेतली, सहा पौंडांना. पाकीट साध्या तपकिरी कागदाचं. घरी येऊन पाहिलं तर लेबलवर फॉस्टरच्या नावावर पेन्सिलची एक बारीक रेघ होती, आणि तिच्याखाली, जागा कमी पडल्यामुळे कडेला वळवून, कुणीतरी नीट अक्षरात लिहिलं होतं : फ्रँक विल्सन.