संशय गमावलेली हेरकथा

लोकांस आवडलेल्या कथेचा दुसरा भाग रचावयास बसणाऱ्याची स्थिति मोठी अवघड असते. पहिल्या भागांत जें आवडलें तेंच पुन्हां द्यावें, तर शिळेपणाचा दोष येतो. निराळें द्यावें, तर 'हें आम्हीं मागितलें नव्हतें' अशी तक्रार ऐकावी लागते. या पेचांतून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे पहिल्या भागांत जें थोडें होतें तें पुष्कळ करून टाकणें. एका स्फोटाच्या जागीं दहा स्फोट, एका पाठलागाच्या जागीं तीन पाठलाग! चित्रपटाच्या धंद्यांत हा मार्ग विशेष रुळलेला आहे. परंतु जी वस्तु पुष्कळ केली ती पहिल्या कथेचा प्राण होती कीं नुसता अलंकार, हें पाहिल्यावांचून अशा दुसऱ्या भागाचें मोल ठरवितां येत नाहीं. 'मिशन: इम्पॉसिबल' या अमेरिकन हेरपटाचे पहिले दोन भाग या दृष्टीनें शेजारीं ठेवून पाहण्याजोगे आहेत. पहिला १९९६ सालीं ब्रायन डी पाल्मा यांनीं दिग्दर्शित केला, दुसरा २००० सालीं जॉन वू यांनीं. नायक टॉम क्रूझ तोच, आणि पटकथेवर रॉबर्ट टाउन यांचें नांवहि दोहोंकडे आहे. तरी एक पाहून लगेच दुसरा पाहणाऱ्यास आपण भलत्याच घरांत शिरलों कीं काय असें वाटतें.

हेरकथेचा प्राण कोणता, हें समजून घेण्यासाठीं आपणांस परदेशीं जावयास नको. विशाखदत्ताचें 'मुद्राराक्षस' आपल्यापाशीं आहे. सात अंकांच्या त्या नाटकांत पाटलिपुत्रावर चालून निघालेलें मलयकेतूचें सैन्य आहे, पण रंगभूमीवर लढाई नाहीं. राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हेराच्या हातीं पडते, तिच्या बळावर एक बनावट पत्र तयार होतें, आणि त्या पत्रानें मलयकेतूचा राक्षसावरील विश्वास असा मोडतो कीं, वेढा पडण्यापूर्वींच सारी मोहीम ढासळते. त्याच नाटकांतील विषकन्या आपणांस एकदांहि दिसत नाहीं. तिनें पर्वतकाचा बळी घेतला तो पडदा उघडण्यापूर्वीं. पण 'तो घात कोणीं करविला?' हा प्रश्न मात्र नाटकभर फिरत राहतो, आणि बापाच्या मृत्यूचा आळ मलयकेतु आज चाणक्यावर, तर उद्यां राक्षसावर ठेवितो. विष गेलें एकाच्या शरीरांत. संशय गेला अनेकांच्या मनांत. वीरकथेंत शत्रु समोर उभा असतो. हेरकथेंत तो पंक्तीला शेजारीं बसलेला असतो. विश्वास कोणावर ठेवावा, या एका प्रश्नावर हेरकथा जगते.

डी पाल्मा यांच्या चित्रपटानें हा प्रश्न फार थोड्या वेळांत आपल्यापुढें उभा केला आहे. प्राग शहरांतील अमेरिकन वकिलातींतून एका यादीची चोरी व्हावयाची आहे. परदेशांत खोट्या नांवानें वावरणाऱ्या हेरांचीं खरीं नांवें त्या यादींत आहेत. चोर पकडण्यासाठीं जिम फेल्प्स या अनुभवी प्रमुखाच्या हाताखालीं एक तुकडी जाते. पाहतां पाहतां तुकडींतील माणसें एकामागून एक मारलीं जातात, फेल्प्सहि गोळी लागून नदींत पडतांना दिसतो, आणि ईथन हंट हा तरुण हेर तेवढा वांचतो. वांचला हाच त्याचा अपराध! किट्रिज हा वरिष्ठ अधिकारी त्याला एका उपाहारगृहांत भेटतो आणि सांगतो कीं, ती कामगिरीच मुळीं खोटी होती. खात्यांतील घरभेदी शोधण्यासाठीं टाकलेला तो गळ होता. हंट भोंवतीं नजर फिरवितो, तों वकिलातींतील मेजवानींत जे पाहुणे म्हणून पाहिले तेच चेहरे येथें शेजारच्या मेजांवर बसलेले! कॅमेरा तिरपा होतो, दोघांचे चेहरे पडदा व्यापून टाकतात, आणि नुसत्या बोलण्यानें आपला श्वास कोंडूं लागतो. त्यानंतर मत्स्यालयाची कांच फुटते आणि पाण्याच्या लोंढ्यांतून हंट निसटतो. स्फोटाला कांहीं क्षण पुरतात. त्या आधींच्या संभाषणाला मात्र दिग्दर्शकानें मोकळ्या हातानें वेळ दिला आहे.

त्याच्या पुढचें लहानसें दृश्य मला याहून मोलाचें वाटतें. हंट आपल्या गुप्त निवाऱ्याकडे परततो, जिन्यावरचा विजेचा दिवा काढतो, तो कोटांत गुंडाळून फोडतो आणि त्याच्या कांचा दाराबाहेर पसरतो; कोणी आलें तर पायाखालीं वाजावें म्हणून. ज्याला जगांत विश्वासाचें एकहि माणूस उरलें नाहीं, त्याला फुटलेली कांच हाच पहारेकरी! येथें मारामारी नाहीं, धांवपळ नाहीं, आणि तरी या माणसाची संपूर्ण स्थिति आपणांस कळून चुकते.

या चित्रपटांतील सर्वांत गाजलेला प्रसंगहि निःशब्द आहे. खरी यादी मिळविण्यासाठीं हंट लँग्ली येथील हेरखात्याच्या मुख्य कचेरींत शिरतो. ज्या खोलींत यादी आहे तेथें मोठा आवाज झाला, उष्णता वाढली किंवा जमिनीवर भार पडला कीं धोक्याची सूचना होते. म्हणून तो छताच्या झरोक्यांतून दोरीवर उलटा लोंबकळत उतरतो. पार्श्वसंगीत थांबतें. वर दोरी धरून बसलेल्या साथीदाराजवळ एक उंदीर येतो. खालीं घामाचा एक थेंब जमिनीकडे निघतो आणि हंट तो तळहातावर झेलतो. सहस्र बंदुकांनीं जें साधत नाहीं तें त्या थेंबानें साधलें आहे! कारण उघड आहे. धाडसाची मात्रा येथें लहान ठेविली आहे, म्हणून प्रत्येक हालचालीस किंमत आली आहे.

पण या चित्रपटाचा कळस माझ्या मतें लंडनमधील भेटींत आहे. मेलेला समजलेला फेल्प्स हंटपुढें येऊन बसतो आणि घरभेदी किट्रिज आहे असें सांगतो. हंट तोंडानें त्याच्या म्हणण्यास होकार देत, घडलें कसें असेल याची साखळी जुळवितो. पडद्यावर मात्र त्याच्या मनांतील चित्रें दिसतात, आणि त्यांत घातकी म्हणून फेल्प्स असतो. शब्द एक सांगतात, चित्र दुसरें. याच ओघांत एका घातामागें फेल्प्सची पत्नी क्लेअर असेल अशी कल्पना हंटच्या मनांत चमकते. त्याला ती सोसवत नाहीं, आणि तेंच दृश्य तो मनांतल्या मनांत बदलून पुन्हां पाहतो. या वेळीं त्यांत क्लेअर नसते. प्रेम माणसाच्या डोळ्यांवर पडदा कसा ओढतें, हें याहून थोड्यांत कोण सांगेल? जो शिक्षक, जो वडीलधारा, तोच घातकी निघाला, हें दुःख हंट रडून दाखवीत नाहीं. तो त्याच वडीलधाऱ्यापुढें खोटें बोलावयास शिकतो, हेंच त्याचें दुःख.

पहिला भाग निर्दोष होता असें नाहीं. शेवटीं बोगद्यांतून धांवणाऱ्या आगगाडीमागें हेलिकॉप्टर शिरतें, तो प्रकार या संयमाशीं विसंगत आहे. दुसऱ्या भागाचें बीज तेथेंच पडलें असें म्हणण्यास हरकत नाहीं. शिवाय हा चित्रपट स्वतःच एका जुन्या कृतीचा उत्तराधिकारी आहे. १९६६ पासून १९७३ पर्यंत अमेरिकन दूरचित्रवाणीवर याच नांवाची मालिका चालली, आणि तींतील फेल्प्स हा सचोटीचा पुरुष होता. त्याला घातकी केलेलें पाहून ती भूमिका गाजविणारे पीटर ग्रेव्ह्ज नाराज झाले, आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. तेव्हां मूळ कृतीपासून दूर जाणें हा दोष मानला, तर तो पहिल्याच भागावर येईल. प्रश्न दूर जाण्याचा नाहीं. दूर जाऊन काय मिळविलें याचा आहे. डी पाल्मा यांनीं मालिकेंतील विश्वास मोडला तो त्यांतून शोककथा काढण्यासाठीं.

आतां दुसरा भाग. 'कायमेरा' नांवाचा एक प्राणघातक रोगाणु आणि त्यावरील 'बेलेरोफॉन' नांवाचा उतारा, दोन्ही एका औषध-कंपनींत तयार झालीं आहेत. हंटच्याच खात्यांतून फुटलेला शॉन अँब्रोज हा उतारा पळवितो. पुढें रोगाणु मिळवून आधीं रोग पसरवावा आणि मग औषधावर पैसा करावा, असा त्याचा बेत असतो. बेत चांगला काळाकुट्ट आहे. परंतु अँब्रोज घातकी आहे हें आपणांस पहिल्या कांहीं मिनिटांतच कळतें, हंटलाहि लवकरच कळतें, आणि त्या क्षणीं हेरकथा संपते. यापुढें 'कोण?' हा प्रश्न नाहीं. 'केव्हां आणि किती धामधुमीनें?' एवढाच प्रश्न उरतो. संशयानें जी जागा रिकामी केली ती मग मोटारी, हेलिकॉप्टरें, बंदुका आणि मोटारसायकली यांनीं भरावी लागते.

मुखवट्याचें काय झालें तें पाहावें. पहिल्या भागांत आगगाडींत हंट फेल्प्सचा मुखवटा चढवून बसतो आणि क्लेअर त्याला पति समजून आपल्या मनांतलें बोलून जाते. मुखवटा खोटा, पण त्याच्यापुढें सत्य बाहेर पडतें. दुसऱ्या भागांत मुखवटे इतके चढतात आणि उतरतात कीं, अखेरीस कोणताहि चेहरा पाहून 'हाहि आतां सोलून निघेल' असेंच वाटूं लागतें. नायकाला गोळी लागली म्हणून हळहळावें, तर मरणारा भलताच निघतो! प्रेक्षकास एकदां फसविलें तर तो चकित होतो. वारंवार फसविलें तर तो कांहींच मनावर घेईनासा होतो.

आणि याच चित्रपटांत एक उत्तम हेरकथा पुरून ठेविली आहे, ही खरी हानि. नाया ही तरुण चोर एके काळीं अँब्रोजची प्रेयसी होती. हंट तिच्यावर प्रेम करूं लागतो, तोंच वरिष्ठांची आज्ञा होते कीं, तिला पुन्हां अँब्रोजच्या घरीं हेर म्हणून पाठवावें. हा प्रसंग पाहतांना हिचकॉक यांचा १९४६ चा 'नोटोरियस' आठवल्यावांचून राहत नाहीं. तेथेंहि नायक आपल्या प्रियेस शत्रूच्या घरीं जाऊं देतो, 'जाऊं नकोस' हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघत नाहींत, आणि कॉफींतून हळूहळू चढणाऱ्या विषापेक्षां त्याचें तें मौनच तिला अधिक जाळतें. वू यांच्या चित्रपटांत हंट थोडी कुरकुर करतो आणि कामाला लागतो. शर्यतीच्या मैदानावर नाया अँब्रोजच्या खिशांतील पाकीट काढते, आणि परत ठेवितांना तिच्या हातून खिसा चुकतो. तेवढ्या चुकीवरून अँब्रोज सारें ओळखतो. तेथें क्षणभर खरी हेरकथा डोकें वर काढते. पुढें नाया तो रोगाणु स्वतःच्याच रक्तांत टोंचून घेते. म्हणजे ती अक्षरशः विषकन्या होते! विशाखदत्ताच्या हातीं असा प्रसंग लागता तर त्याचें विष साऱ्या पात्रांच्या मनांत भिनलें असतें. येथें तें केवळ घड्याळाच्या कांट्यांत भिनतें: इतक्या तासांत उतारा मिळाला तर वांचेल, नाहीं तर नाहीं. तिला तेथें पाठविणाऱ्याच्या मनाला त्याचा कांटा टोंचतांना फारसा दिसत नाहीं.

जॉन वू यांना मात्र न्याय दिला पाहिजे. ते हाँगकाँगचे नामांकित दिग्दर्शक. 'द किलर' (१९८९) यासारख्या चित्रपटांत त्यांनीं मारामारीला जवळजवळ नृत्याचा डौल दिला. प्रस्तुत चित्रपटांतहि पेटलेल्या दारांतून आधीं कबूतर येतें आणि मागून नायक, तेव्हां डोळ्यांना सुख होतें हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. त्यांचा धर्म वीररसाचा. मैत्री आणि वैर उघड्यावर मांडणें हें त्यांचें बळ. त्यांना दिलेली कथा मात्र अंधारांत वाढणारी होती. लोकांनीं या चित्रपटास भरभरून आश्रय दिला. २००० सालीं जगभर सर्वाधिक उत्पन्न यालाच झालें. म्हणून कोणी म्हणेल, प्रेक्षकांस हवें तें मिळालें, तुमची तक्रार कसली?

त्याचें उत्तर पुढच्या काळानेंच दिलें आहे. २०२५ पर्यंत या मालेंत आठ चित्रपट झाले. पुढील दिग्दर्शकांनीं साहसदृश्यें कमी केलीं नाहींत, उलट वाढविलीं. पण आधारासाठीं हात मागें नेला तो पहिल्या भागाकडे. किट्रिज २०२३ सालीं परत आला. आणि लँग्लीच्या त्या निःशब्द खोलींतून यादी चोरीस गेली म्हणून अलास्काकडे ज्याची पाठवणी झाली होती तो बिचारा कारकून, तोहि २०२५ च्या चित्रपटांत पुन्हां दिसला. जवळजवळ तीस वर्षांपूर्वींच्या त्या लहान माणसावर झालेला अन्याय कथेच्या लक्षांत राहिला होता. दुसऱ्या भागांतील नाया मात्र, जिच्यासाठीं हंटनें जीव धोक्यांत घातला, ती पुढच्या चित्रपटांतून नाहींशी झाली. स्फोट मोठा असला तरी त्याचा धूर निवतो. ज्या माणसाचा विश्वास आपण मोडला, तो मात्र कधींतरी दार ठोठावतो.