चार बाइटांची उडी

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ प्लस सीई हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर २०१५ साली आला. आत इझेड८० प्रोसेसर आणि वापरायला जेमतेम दीडशे किलोबाइट रॅम. रेषा काढण्याचा, चित्र हलवण्याचा कोड प्रत्येक गेमने स्वतःपाशी बाळगायचा म्हटले, तर जागा पुरणार कशी? म्हणून हौशी प्रोग्रॅमरांनी सामाईक लायब्रऱ्या लिहिल्या. चित्रांसाठी ग्राफएक्स, कळांसाठी कीपॅडसी, फाइलींसाठी फाइलआयओसी. त्या एकदाच आर्काइव्हमध्ये, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या कायमच्या साठवणीत, ठेवायच्या. प्रोग्रॅम सुरू होताना लिबलोड नावाचा चिमुकला लोडर त्या जोडून देतो.

या रचनेत मला सर्वांत देखणा वाटतो तो प्रोग्रॅमच्या तोंडाशी असलेला तक्ता. आधी लायब्ररीचे नाव, मग एका बाइटात आवृत्तीचा आकडा आणि पुढे ओळीने चार-चार बाइटांच्या उड्या. एक बाइट ‘तिथे जा’ या आज्ञेचा, तीन पत्त्याचे. गंमत अशी, की सुरुवातीला तिथे पत्ता नसतोच; लायब्ररीच्या यादीतले फंक्शनचे स्थान तेवढे नोंदलेले असते. लिबलोड लायब्ररी रॅममध्ये आणतो आणि ती जिथे उतरली असेल त्या हिशेबाने तेच तीन बाइट खऱ्या पत्त्याने भरतो. मग प्रोग्रॅमने हजार रेषा काढल्या, तरी लिबलोड पुन्हा आड येत नाही.

यादीतला क्रम मात्र कायमचा. ग्राफएक्समध्ये पहिले फंक्शन जीएफएक्स_बिगिन, ते पहिलेच राहणार. नवे आले की शेवटी; जुने आतून पार नव्याने लिहिले तरी जागा तीच. चाळीला नवी खोली जोडली म्हणून कुणी जुन्या खोल्यांचे क्रमांक बदलत नाही. त्यामुळे ज्याचा सोर्स कोड आज कुठेच उरलेला नाही असा जुना गेमही नव्या लायब्ररीवर चालतो, आणि लायब्ररीत रेषेचा कोड वेगवान झाला असेल तर तो वेग त्याला आयता मिळतो. उलट, कॅल्क्युलेटरवरची लायब्ररी गेमला हवी त्याहून जुनी निघाली, तर लिबलोड कारण दाखवून जागीच थांबतो. भलत्या पत्त्यावर उडी पडून रॅम पुसली जाण्याची वेळ येत नाही.

लायब्रऱ्या वेगळ्या चढवाव्या लागतात, ही किंमत आहेच; नुसता गेम मित्राला दिला तर तो चालणार नाही. ती मला रास्त वाटते. असेंब्ली थोडीफार वाचता येत असेल, तर ग्राफएक्सच्या सोर्समधली फंक्शनांची यादी एकदा वरून खाली सावकाश वाचा. कोणत्या आवृत्तीत काय आले, ते तिथे क्रमाने लिहिलेले आहे.